पॉइंट कमी, मुक्काम जास्त

साताऱ्यात पर्यटनाचा विषय निघाला की दोनच बाजू ऐकू येतात. एका बाजूला पर्यटक हवेत, जेवढे येतील तेवढे हवेत. रस्ते रुंद करा, रोपवे आणा, काचेचे पूल बांधा, नवं महाबळेश्वर नावाचं प्रस्तावित गिरिस्थान उभं राहू द्या, पोरांच्या हाताला काम मिळेल. दुसऱ्या बाजूला पर्यटक नकोतच. ते कासची फुलं तुडवतात, धबधब्याखाली बाटल्या फोडतात, आणि जोडून सुट्टी आली की खंबाटकी आणि पसरणीच्या घाटात गावच्या माणसाचीच गाडी अडकून पडते. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. पण भांडण सगळं आकड्यावर चाललंय. एकाला आकडा वाढवायचाय, दुसऱ्याला घटवायचाय. आलेला माणूस इथं किती दिवस राहिला आणि त्या दिवसांत जगला कसा, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे : फिरतीवर निघालेल्या कुटुंबानं एखाद्या गावात पुरेसं थांबावं, तिथलं साधं, रोजचं जगणं जगावं. प्रवासातून मिळणारी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, त्या कुटुंबाला आणि ते थांबलेल्या गावालाही. आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी, साताऱ्यानं आणि सांगलीनं, आपलं पर्यटन अशा थांबणाऱ्या माणसांना धरून आखायला हवं.

आमच्याकडे हा वाद तापला तो वाईत राहायला आलेल्या एका कुटुंबावरून. नवरा-बायको आणि दोन मुलं. नोकरी लॅपटॉपवरून करता येते म्हणून देश बघायला निघालेले. बरीच राज्यं पालथी घातल्यावर पावसाळा सरता सरता वाईला आले, घाटाजवळच्या एका जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि राहिले. महिना उलटला तरी महाबळेश्वरला गेले नाहीत. बाई सकाळी मंडईत जातात, थोरली मुलगी किटली घेऊन दूध आणते, धाकटा घाटावरच्या पोरांत खेळतो. यावर लोकांचं म्हणणं काय? एक म्हणाला, काही बघायचंच नव्हतं तर आले कशाला? दुसरा म्हणाला, पैसेवाल्यांची थेरं आहेत. तिसऱ्यानं ‘जगावं तर असं’ म्हणून हात जोडले. मला यातलं एकही पटलं नाही. पहिला बघण्याला डोळ्यांपुरतं मर्यादित करतो, दुसऱ्याला माणसाची ऐपत दिसते पण तो करतो काय ते दिसत नाही, आणि तिसरा ओवाळून मोकळा होतो, यात चांगलं नेमकं काय आहे ते सांगत नाही.

चांगलं काय आहे ते मी मंडईत पाहिलं. ती मुलगी पहिल्या आठवड्यात मेथीची जुडी सांगितलेल्या भावाला घेऊन निमूट निघून जायची. हळूहळू तिला कळलं, की कोथिंबीर घेतली की दोन काड्या कढीपत्ता मागायचा असतो, आणि तो मिळतोच. मग एकदा ती दोन-तीन दिवस दिसली नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा भाजीवाल्या मावशींनी जुडी बांधता बांधता विचारलं, “कुठं व्हतीस गं? बरं नव्हतं का?” मुलीनं मोडक्यातोडक्या मराठीत घशाला हात लावून सांगितलं. मावशींनी शेजारणीकडून आल्याचा तुकडा घेतला, पिशवीत टाकला आणि काढा कसा करायचा ते हातवारे करून समजावलं. आपली अनुपस्थिती कुणाच्या तरी लक्षात आली, ही जाणीव कुठल्या पॉइंटवर मिळते? कुठल्या तिकिटात मिळते? आयुष्यात पुन्हा वाईला आली नाही तरी त्या मुलीसाठी वाई हे नकाशावरचं नाव राहणार नाही. आणि मावशींसाठीही ‘बाहेरची माणसं’ म्हणजे गाडीची काच खाली करून रस्ता विचारणारे, एवढंच उरणार नाही.

‘पॉइंट’ नावाची ही जी रीत आपल्या डोक्यात बसली आहे, तिचा इतिहास बघितला तर नवल वाटतं. १८२४ मध्ये लॉडविक हा ब्रिटिश अधिकारी महाबळेश्वरचा डोंगर चढून आला. पुढं गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८२८ च्या सुमारास, तिथं आजारी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी हवा खाण्याचं ठाणं वसलं, माल्कम पेठ उभी राहिली. ही माणसं उन्हाळाभर राहायला येत. बंगला, स्वयंपाकी, घोडे, पत्रव्यवहार, सगळा संसार वर नेत. रोज संध्याकाळी फिरायला कुठं तरी जायचं म्हणून एकेक कडा ठरला आणि त्याला कुणा साहेबाचं नाही तर त्याच्या घरच्या कुणाचं नाव मिळालं. आज विल्सन, उद्या केट, परवा आर्थर. म्हणजे जी जागा एका संथ संध्याकाळपुरती होती, तशा दहा-बारा जागा आपण एका दिवसात कोंबल्या. टॅक्सीचा दरही पॉइंटांच्या हिशेबानं ठरतो. राज्यकर्त्यांचा थाट आपल्याला नको आणि नकोच. तो इथल्या रयतेच्या पैशावर चालला होता. पण त्यांच्यामागून आपण घेतलं काय? त्यांचं राहणं सोडलं आणि त्यांची यादी तेवढी उचलली.

हे फक्त महाबळेश्वरचं नाही, देवदर्शनातही तेच झालंय. समर्थ रामदास बारा वर्षं देश पायी फिरले आणि १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी आले. इतका मुलूख बघितलेला माणूस या खोऱ्यात राहिला. मसूर, चाफळ, शहापूर, उंब्रज, बहे, शिराळा अशा गावांत रमला, आणि काही वर्षांच्या अवधीत अकरा मारुती उभे राहिले. आज तेच अकरा मारुती एका दिवसात ‘करायची’ चढाओढ असते. पहाटे निघायचं, रात्री परत, मधे प्रत्येक ठिकाणी चपला काढण्यापुरता वेळ. बह्याला कृष्णेच्या पात्रातलं बेट आहे, पाणी दोन्ही अंगांनी वाहतं. तिथं तासभर नुसतं बसलं तरी एका फिरस्त्या माणसाला हा काठ सोडवला का नाही, याचा थोडा अंदाज येतो. पुढचा मारुती गाठायचा असेल तर तो तास कुठून आणायचा? सांगली भागातल्या जैन वस्त्यांना ही गोष्ट निराळी सांगायला नको. मुनी वर्षभर पायी विहार करतात, पण चातुर्मासात एकाच गावी राहतात. पावसात जीवजंतू पायाखाली येऊ नयेत हा त्यामागचा अहिंसेचा विचार, पण त्या चार महिन्यांत मुनी आणि गाव यांच्यात जे नातं जुळतं ते गावकरी पुढं कैक वर्षं सांगत असतात. चालणं हेच ज्यांचं व्रत, त्यांनीही थांबण्याला व्रतातच जागा दिली.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आणि सर्वांत खरा आक्षेप रजेचा. कारखान्यात, बँकेत, दुकानात राबणाऱ्या माणसाला वर्षातून चार-सहा दिवस मिळतात. गाडीभाडं एकदाच परवडतं. त्यानं मुलांना जास्तीत जास्त दाखवायचं ठरवलं तर त्याला दोष द्यायचा कुणी? मी देत नाही. पण ‘जास्तीत जास्त’ कशात मोजायचं, हा प्रश्न त्यालाही विचारता येतो. चार दिवसांत प्रतापगड, महाबळेश्वर, पाचगणी, कास, ठोसेघर आणि जाता जाता औंध असं केलं, तर त्यातले निम्मे तास गाडीत जातात, आणि गाडीत मुलं झोपतात नाही तर ओकतात. कासचंच घ्या. २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या त्या पठारावर हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते. लोक येतात, फोटो काढतात, ‘फुलं तेवढी नव्हती’ म्हणत परततात. अरे, सड्यावरची फुलं काय रोषणाई आहे का, बटण दाबल्यावर लागायला? आज ‘सीतेची आसवं’ या फुलांनी निळा दिसणारा तुकडा पुढच्या आठवड्यात ओसरलेला असतो आणि शेजारचा पिवळा झालेला असतो. हे कळायला पठार दोनदा बघावं लागतं, आणि दोनदा बघायला साताऱ्यात राहावं लागतं. चार दिवस असले तर चारही साताऱ्यात घालवा. सकाळी चारभिंतीवर चढा, संध्याकाळी राजवाड्यावर भेळ खा, एक दिवस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला काढा, आणि कासला दोनदा जा. खर्च कमी होतो, हे तर हिशेबाचं साधं गणित आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा : सावकाश जगणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे. याला उत्तर म्हणून मी वारी दाखवतो. आळंदीहून पंढरपूर मोटारीनं पाच तासांत येतं. ज्ञानोबांची पालखी त्याच वाटेला तीनेक आठवडे घेते. नीरा ओलांडून ती सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढं सरकते. त्यात चालणारा शेतकरी श्रीमंत असतो का? पेरणी उरकून, कधी पेरणी भावावर टाकून तो निघतो. एसटी आली, रेल्वे आली, घरोघरी मोटारसायकल आली, तरी चालणाऱ्यांनी वेग वाढवला नाही. हे त्याला परवडतं, कारण वाटेवर सोय आहे. दिंडीचा तंबू आहे, पाण्याचा टँकर आहे, लोणंदच्या घरात पिठलं-भाकरी आहे, पाय चेपून देणारी माणसं आहेत. संथपणाची चैन होते ती सोय नसते तेव्हा. सोय सार्वजनिक असली, की तो गरिबाच्याही आवाक्यात येतो. हा धडा तुकोबा-ज्ञानोबांच्या वाटेवरच्या गावांनी केव्हाच गिरवून ठेवला आहे. आपल्या पर्यटन खात्यानं तो अजून घेतलेला नाही.

तरीही एक टोचणी राहते आणि ती राहू द्यावी. दिवाळी झाली की बीड-धाराशिवकडून ट्रॅक्टर, बैलगाड्या भरून माणसं ऊसतोडीला आपल्याकडे येतात. वाळवा, पलूस, कराड, कुठल्याही कारखान्याच्या अंगणात बघा, पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या असतात. तीही फिरस्ती कुटुंबंच. तीही परक्या गावात पाच-सहा महिने रोजचं जगणं जगतात : पहाटे कोयता, दुपारी भाकरी, रात्री मोळ्या भरणं. वाईतल्या त्या मुलीचं कौतुक करणारं गाव कोपीवरच्या मुलीला नाव विचारतं का? बऱ्याच ठिकाणी नाही विचारत. हा विरोधाभास दाखवून कुणी म्हणेल, मग बंद करा हे थांबण्याचं गुणगान. मी उलट म्हणतो. बाहेरून आलेल्या कुटुंबाला काही महिने आपलं मानण्याची सवय गावाला लावायची असेल तर तिची सुरुवात कोपीपासूनच व्हायला हवी. ऊसतोड्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, बऱ्याच बारगळल्या. मधूनच आलेल्या मुलाला वर्गात बसवून घेणं, त्याची पुढच्या गावाला नोंद कळवणं, त्याच्या आईला दवाखान्यात नीट वागणूक मिळणं, ही व्यवस्था ऊसतोड्याच्या लेकरासाठी झाली की ती लॅपटॉपवाल्याच्या लेकरालाही आपोआप पुरते. उलटं कधीच होत नाही. हॉटेलवाल्यांसाठी केलेली सोय कोपीपर्यंत झिरपत नाही.

तिसरा आक्षेप घरभाड्याचा आणि जमिनीचा. थांबणारे वाढले की भाडी चढतात, मग थांबणारे जागा विकत घेतात, मग डोंगराच्या उतारावर बंगले दिसू लागतात. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तो काही उगाच नाही. जावळीतल्या किती शेतकऱ्यांनी सडे विकले आणि पुढं त्याच कुंपणाआड राखणदार म्हणून राहिले, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. फक्त एवढंच दाखवतो की तो थांबणाऱ्यावर लागू होत नाही, विकत घेणाऱ्यावर लागू होतो. वर्षाचे अकरा महिने कुलूप असलेल्या बंगल्यात कोण राहतं? त्याला दूध लागत नाही, भाजी लागत नाही, त्याला फक्त पाणी, वीज आणि रस्ता लागतो. याउलट वाईच्या वाड्यातल्या त्या दोन खोल्या वर्षानुवर्षं बंद होत्या, वाळवी लागत होती. भाडं येऊ लागलं तशी मालकिणीनं कौलं शाकारून घेतली. गावातली रिकामी घरं राहती करणं आणि डोंगर फोडून नवी घरं बांधणं या दोन गोष्टी एकाच ‘पर्यटन’ शब्दात बसवल्या की धोरणाचा गोंधळ होणारच.

राहिला रोजगाराचा मुद्दा. वेण्णा लेकवरचा घोडेवाला, टॅक्सीवाला, मक्याची कणसं भाजणारा, यांचं पोट धावत्या गिऱ्हाइकावर आहे आणि त्यांना एका रात्रीत दुसरा धंदा शोधा म्हणणं निर्दयपणाचं होईल. पण धावत्या माणसाला विकता येतं तेवढंच विकलं जातं, आणि ते सगळीकडे सारखंच असतं. आपल्याकडची खरी श्रीमंती वेळ घेणारी आहे. कराड-शिराळ्याकडच्या गुऱ्हाळावर हंगामात जाऊन बघा. गाडी थांबते, माणसं ग्लासभर रस पितात, गरम गुळाची चिमट चाखतात, निघतात. एक आधण मात्र तासन्‌तास चालतं. रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडं सारणारा जाळ सांभाळतो, भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. रंग हिरवट, मग पिवळा, मग तांबूस. शेवटी सगळे गुळव्याच्या तोंडाकडे बघतात. तो पाण्यात एक थेंब सोडतो, बोटांत घोळवून गोळी कशी वळते ते बघतो, अजून नाही म्हणतो. पुन्हा बघतो. आणि मग त्याचा हात वर होतो, माणसं काहिलीच्या कड्यांना भिडतात. ते क्षणभरही उशिरा झालं तर गूळ करपतो. हे बघायला मुलाला अर्धा दिवस बसावं लागतं, आणि अर्धा दिवस बसलेलं मूल गुळाचा खडा आयुष्यभर वेगळ्या नजरेनं हातात घेतं.

मिरजेत तर याहून अवघड. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, बातम्या आल्या. पण सतारमेकर गल्लीत जवारी लावणारा, म्हणजे तारेचा गुंजारव जुळवणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा एक हलका हात फिरवतो. एका स्वराचा गुंजारव नीट उमलायला त्याला किती वेळ लागेल हे त्यालाही आधी सांगता येत नाही. हे ‘पॉइंट’मध्ये बसत नाही. हे फक्त त्यालाच विकता येतं जो उद्याही येणार आहे. थांबणारी कुटुंबं आली तर या कारागिरांना श्रोते मिळतील, शागीर्द मिळतील, गिऱ्हाइकं मिळतील. बसमधून उतरलेले मिळाले तरी उपयोग नाही.

मुलांच्या शाळेबद्दल बोलणाऱ्यांना एवढंच सांगतो की खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांना विचारा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी ही कुटुंबं देशभर पांगलेली. दूर दक्षिणेतल्या शहरात वाढलेली त्यांची मुलं यात्रेला दोन दिवस येतात तेव्हा पाहुणी असतात. ज्या वर्षी अख्खा मे महिना आजीकडे राहतात, त्या वर्षी त्यांना विहिरीची पायरी कुठं निसरडी आहे ते कळतं, चुलत्यांचं भांडण कशावरून आहे ते कळतं, माणदेशी उन्हात दुपारी दार का लोटून घेतात ते कळतं. आपल्या पिढीला हेच मामाच्या गावानं दिलं. ते शिक्षण नव्हतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

मग करायचं काय? फार पैसा लागेल असं काहीच नाही. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार आणि सात दिवसांचा पास आहे. लोक तो जास्तीत जास्त गावं उरकायला वापरतात; तोच एका गावी राहून रोज आसपासच्या खेड्यांत जाऊन संध्याकाळी परतायला वापरा, आणि महामंडळानं महिन्याचा असाच जिल्हा पास काढावा. वाचनालयांनी तीन महिन्यांचं सभासदत्व द्यावं. ग्रामपंचायतींनी भाड्यानं देता येतील अशा रिकाम्या घरांची यादी ठेवावी, मालकाच्या संमतीनं, ठरलेल्या भाड्यासह. भिलारला ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही यावं, बसून फुकट वाचावं. देशात अशी कल्पना आधी कुणी केली नव्हती. आणि तिथं बहुतेक जण पाटीशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि स्ट्रॉबेरी घेऊन जातात. पुस्तक वाचून संपवायचं तर तिथं मुक्काम हवा, आणि मुक्काम स्वस्त हवा. भिलारच्या घरांना त्यासाठी मदत करणं हे कुठल्याही काचेच्या पुलापेक्षा सोपं आणि स्वस्त आहे.

नव्या महाबळेश्वरच्या आराखड्यात सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली दोनशेहून जास्त गावं येतात. त्या गावांच्या ग्रामसभांत हा विषय येईल तेव्हा वाहनतळ किती, रोपवे कुठून, हे विचारलं जाईलच. त्यासोबत आणखी काही प्रश्न गावकऱ्यांनी नोंदवून घ्यावेत. आलेलं कुटुंब इथं महिनाभर राहिलं तर त्याला दूध कोण घालणार, त्याचं मूल कुठल्या शाळेत बसणार, त्याचा कचरा कोण उचलणार, आणि त्याच्या भाड्यातलं किती गावात राहणार? याची उत्तरं आराखड्यात नसतील, तर ती लिहून येईपर्यंत गावानं ठरावावर सही करू नये.